खोली, आवर्तन आणि ऑक्टोबर छाटणी

मंडळी, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीला आपण राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून कौतुकानं ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतो. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं आणि 2020 च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पण दोन आकडे शेजारी ठेवून बघा. अभयारण्य सुमारे 100 चौरस किलोमीटरचं, आणि रामसर क्षेत्र 1,437 हेक्टर, म्हणजे जेमतेम 14 चौरस किलोमीटर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागचं हे पाणी चहूबाजूंनी निफाड तालुक्याच्या उसानं, कांद्यानं, द्राक्षबागांनी आणि गव्हानं वेढलेलं आहे. पक्षी पाण्यावर दिसतात खरे, पण त्यांचं बरं-वाईट ठरतं ते बांधावर आणि कालव्याच्या दारांवर.

आधी खोलीचं बघू, कारण तलाव ‘भरलेला’ दिसला की पक्ष्यांची सोय झाली असं आपण धरून चालतो. तुतवारासारख्या छोट्या चिखलपक्ष्यांना चार-पाच सेंटिमीटर पाणी किंवा नुसता ओला गाळ लागतो. शेकाट्याचे पाय लांब, त्याला वीतभर पाणी चालतं. थापट्या, तलवार बदक ही पाण्यात डोकं बुडवून खाणारी बदकं वीत-दीड वीत पाण्यात रमतात; तळ त्याहून खोल गेला की त्यांची चोच पोचत नाही. पाणी काठोकाठ असेल तर बुडी मारणारे पाणकावळे आणि टिबुकल्या तेवढ्या खूश, बाकीच्यांना बसायची जागाच उरत नाही. म्हणून विविधता हवी असेल तर पाणी कमी-जास्त खोलीचं पसरलेलं हवं, आणि ते हळूहळू उतरायला हवं. दोन-तीन आठवड्यांत सावकाश उतरणारं पाणी रोज थोडा नवा गाळ उघडा करतं, त्यातले किडे आणि बिया रोज मिळत राहतात. एकदम उतरलं तर गाळ उन्हानं तडकतो आणि दोन दिवसांत जेवण संपतं.

इथे अडचण येते ती आवर्तनाची, म्हणजे सिंचनासाठी पाळीपाळीनं सोडल्या जाणाऱ्या पाण्याची. बंधाऱ्याचं पाणी शेतीसाठी आहे, ते सोडायलाच हवं, त्यात वाद नाही. पण उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर शेकाट्या आणि टिटव्या उघड्या गाळावर, काठाच्या ढेकळांत अंडी घालतात. चार अंडी, उबवायला साडेतीन ते चार आठवडे. तेवढ्या मुदतीत वरच्या धरणातून सोडलेलं पाणी हातभर चढलं तरी काठावरची घरटी बुडतात. एप्रिल ते जून या काळात पाणी टप्प्याटप्प्यानं सोडलं आणि पातळीचा अंदाज आधी कळवला, तर शेतकऱ्याचा थेंबभर तोटा न होता ही पिल्लं वाचू शकतात. पाणी वाटपाच्या बैठकीत हा विषय आलाच पाहिजे.

आता शेत. सर्वांत नाजूक काळ आपल्या द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचा. कोवळी फूट येते, डाऊनी या बुरशीसारख्या रोगाच्या भीतीनं फवारण्या वाढतात, आणि याच आठवड्यांत उत्तरेकडून बदकं उतरू लागतात. त्यातलं एक औषध, एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि साधारण तेवढाच चुना. यातलं तांबं कुजत नाही, कीटकनाशकासारखं विघटित होत नाही. पावसाबरोबर नाल्यातून वाहतं आणि गाळात साठतं. गोगलगायींना ते फार लवकर बाधतं, आणि उघड्या चोचीचा करकोचा प्रामुख्यानं गोगलगायींवरच जगतो. औषध बंद करा असं सांगत नाही. पण फवारणी यंत्र ओढ्यावर किंवा कालव्यावर धुऊ नका. धुतलेलं पाणी बागेतच ओळीत जिरू द्या. ओढ्याकडची पाच-दहा मीटरची पट्टी न नांगरता गवताखाली ठेवली तर माती आणि खत तिथेच अडतं.

खताचं पाणी थेट तलावात गेलं की पुढचं सगळं आपल्याला दिसतंच: जलपर्णी. अनुकूल दिवसांत ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, पाण्यावर छत धरते आणि खालचा प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. ती काढायची तर फुलं येण्याआधी काढायची, कारण बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काढलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पावसात परत पाण्यात जातो, हे दर वर्षी घडतं. तो पाणवठ्यापासून लांब नेऊन शेणाबरोबर कुजवला तर चांगलं खत होतं. सगळी जलपर्णी उपटून टाकायचा अट्टाहासही नको. मधले पट्टे मोकळे करायचे, काठाचं पाणकणीस आणि देशी वनस्पती राखायच्या. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तिथेच घरटं करतात.

द्राक्षावरची जाळी ताणून बांधा. सैल लोंबती जाळी पक्ष्यांना अडकवते आणि मणीही वाचवत नाही.

शेवटचं, नोंदीबद्दल. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेला जाल तेव्हा नुसते आकडे आणू नका. सकाळी एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजा, मोठा थवा आधी दहाच्या गटानं मोजून मग अंदाज करा, आणि प्रत्येक नोंदीसमोर त्या दिवशीची बंधाऱ्याची पाणीपातळी आणि शेजारच्या शेतात काय चाललं होतं, तेही लिहा. पातळी न लिहिलेल्या संख्येवरून बदकं कमी झाली की फक्त पाणी खोल होतं, हे सांगता येत नाही.