पाचशे रुपयांचे सातोशी

[दृश्य : नागपुरातल्या इतवारीचा सराफा बाजार, सकाळची वेळ. दुकानांची शटर वर जात आहेत. काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर एक लहानसे नाणे.]

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात सोन्याचा भाव दहा ग्रॅमवर सांगितला जातो. पण या काउंटरपाशी येणारे प्रत्येक गिऱ्हाईक दहा ग्रॅम सोने घेऊन जात नाही. धनत्रयोदशीला अर्ध्या ग्रॅमचे नाणे घेणारी बाई, सोने परवडत नाही म्हणून त्याऐवजी तेवढ्याच पैशांचे भरपूर पितळ द्या, असे सराफाला कधी म्हणत नाही. ती सोनेच घेते, फक्त आपल्या ऐपतीपुरते घेते. सोन्याच्या बाबतीत घरोघरी असलेली ही समज क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या संगणकी नाण्यांच्या, बाबतीत मात्र एकाएकी हरवते, आणि थोड्या पैशांत पहिली खरेदी करणाऱ्या माणसाचे नुकसान बहुधा तिथूनच सुरू होते.

सीताबर्डीच्या मेन रोडवर मोबाइलची कव्हर आणि चार्जर विकणाऱ्या एका दुकानात काम करणारी तरुणी आम्हाला या चित्रफितीच्या निमित्ताने भेटली. तिच्या विनंतीवरून तिचे नाव येथे घेतलेले नाही. पगारातून घरी पैसे दिल्यावर, भिशीचा आणि पोस्टातल्या आवर्ती ठेवीचा हप्ता भरल्यावर तिच्या हाती महिन्याला सातशे-आठशे रुपये उरतात, आणि त्यातले पाचशे तिला क्रिप्टोत घालायचे होते. तिचा पहिलाच प्रश्न असा होता : "बिटकॉइन तर आपल्याच्यानं होत नाही. एखादं स्वस्तातलं सांगा ना, एक रुपयाच्या आतलं."

या प्रश्नाला आधी आकड्यांनीच उत्तर दिले पाहिजे.

[दृश्य : वहीचे कोरे पान. पेनने लिहिले जाणारे आकडे.]

शिबा इनू हे एका पैशाहूनही स्वस्त मिळणारे आणि म्हणूनच नवख्यांना भुरळ घालणारे नाणे ऑगस्ट २०२० मध्ये निघाले, तेव्हा त्याची एकूण संख्या १,००० लाख कोटी ठेवण्यात आली होती. त्यातला निम्मा साठा इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्याचा जनक विटालिक बुटेरिन याच्या डिजिटल पत्त्यावर पाठवला गेला, आणि त्याने मे २०२१ मध्ये त्यातली बहुतेक नाणी कायमची नष्ट केली. तरीही सुमारे ५८९ लाख कोटी नाणी शिल्लक राहिली. आता "हे नाणे एक दिवस एक रुपयाला जाईल" या आशेचे गणित मांडून पाहू. तसे झाले तर त्या सगळ्या नाण्यांची मिळून किंमत ५८९ लाख कोटी रुपये होईल, आणि २०२४-२५ या वर्षातले भारताचे संपूर्ण सकल देशांतर्गत उत्पादन साधारण ३३० लाख कोटी रुपयांचे होते. एका नाण्याची किंमत लहान दिसते ती एकूण वस्तूचे तुकडे फार केले आहेत म्हणून. वस्तू स्वस्तात मिळते आहे असा त्याचा अर्थ होत नाही. डोजकॉइनची तऱ्हा थोडी वेगळी. बिली मार्कस आणि जॅक्सन पामर या दोघांनी २०१३ मध्ये गमतीखातर काढलेल्या या नाण्याच्या संख्येला मर्यादाच नाही; दरवर्षी त्यात सुमारे ५०० कोटी नव्या नाण्यांची भर पडत राहते.

बिटकॉइनचे नेमके उलट आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्यानुसार ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या व्यवहारांच्या नोंदींच्या साखळीतली पहिली कडी तयार झाली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत, आणि नवी नाणी तयार होण्याचा वेग साधारण दर चार वर्षांनी निम्म्यावर येतो; अशी एक घट एप्रिल २०२४ मध्ये झाली. पण छोट्या गुंतवणूकदाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात. त्या सर्वांत लहान भागाला सातोशी म्हणतात, आणि आपली तरुणी पाचशे रुपयांत विकत घेणार आहे ते हे सातोशी. अर्ध्या ग्रॅमचे नाणे हेही सोनेच असते, तसेच हे आहे.

मग नवख्या माणसाने निवडावे तरी काय? आमचे मत स्पष्ट आहे. ज्याचा नियम सर्वांना माहीत आहे आणि तो एखाद्या मालकाच्या मर्जीने बदलत नाही, जे एकाहून अधिक मोठ्या पडझडींतून तगून राहिले आहे, आणि ज्याचे काम आपण आपल्या आईला चार वाक्यांत समजावून सांगू शकतो, तेवढेच घ्यावे. या कसोटीला आज दोनच नावे नीट उतरतात. एक बिटकॉइन; दुसरे इथर.

इथर हे इथेरियम या संगणकांच्या जाळ्याचे चलन. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यावर केवळ पैसे पाठवले जात नाहीत, तर अट पूर्ण झाली की आपोआप अमलात येणारे करार चालवता येतात, आणि ते चालवण्याचे शुल्क इथरमध्ये द्यावे लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची पडताळणीची पद्धत बदलली आणि त्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. बिटकॉइनसारखी संख्येची पक्की मर्यादा मात्र त्याला नाही, हा फरक घेण्याआधीच माहीत असावा. पॉलिगॉनसारख्या भारतीय तरुणांनी उभारलेल्या जाळ्याबद्दल आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. पण आपला माणूस आहे म्हणून नाणे घ्यायचे, हे कारण पाचशे रुपयांसाठीही पुरेसे नाही. डॉलरशी बांधलेली स्थिर नाणी वाढण्यासाठी केलेलीच नसतात, आणि ती नेहमी स्थिर राहतात असेही नाही : मार्च २०२३ मध्ये त्यातले यूएसडीसी हे नाणे काही काळ ९० सेंटांच्याही खाली आले होते. पाचशे रुपये दहा नाण्यांत पन्नास-पन्नास करून वाटले की धोका विभागला जातो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात दहा ठिकाणचे शुल्क लागते आणि त्यातली बहुतेक नाणी एकदमच पडतात.

[दृश्य : फुटाळा तलाव, संध्याकाळ. तरुणी मोबाइलवर आलेख पाहत आहे.]

पडझड म्हणजे काय, हे आलेखावरच्या लाल रेषेवरून कळत नाही, म्हणून आम्ही तिला रुपयांत विचार करायला सांगितले. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या जवळ गेले होते आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ते १६,००० डॉलरच्या खाली होते. शिखरावर घातलेल्या दहा हजारांचे तेव्हा, डॉलरच्या हिशेबाने, बावीस-तेवीसशे उरले असते. मार्च २०२४ मध्ये बिटकॉइनने जुना उच्चांक ओलांडला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते एक लाख डॉलरच्या पुढे गेले. पण इथरला २०२१ चा उच्चांक मागे टाकायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. ही दोन्ही नाणी निदान परतली. लूना परतले नाही. एप्रिल २०२२ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेले ते नाणे मे महिन्यातल्या काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आले, कारण त्याला जोडलेल्या टेरायूएसडी या "स्थिर" नाण्याची डॉलरशी असलेली गाठ सुटली आणि ती सावरण्यासाठी यंत्रणा बेसुमार नवी लूना नाणी काढत राहिली. तेव्हा ते जगातल्या आघाडीच्या नाण्यांत गणले जात होते, हे विसरता येत नाही.

म्हणूनच पोस्टातली आवर्ती ठेव मोडून क्रिप्टो घेऊ नकोस, हे आम्ही तिला पहिल्याच भेटीत सांगितले होते. ज्याच्याकडे तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला नाही किंवा ज्याच्या डोक्यावर कर्जाची बाकी आहे, त्याने या वाटेला आत्ताच येऊ नये.

[दृश्य : मोबाइलचा पडदा जवळून. "खरेदी" आणि "विक्री" अशी दोन बटणे.]

आता तिच्या पाचशे रुपयांचाच प्रवास पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या ॲपवर, ते थोडे वेगळे असतील. समजा एका बिटकॉइनच्या खरेदीचा भाव ८० लाख रुपये आहे आणि शुल्क अर्धा टक्का. पाचशेवर अडीच रुपये शुल्क, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटीचे ४५ पैसे. म्हणजे ४९७ रुपये ५ पैशांचे बिटकॉइन हाती आले, सातोशीत मोजायचे तर ६,२१३. आता भाव जराही हलला नसताना तिने ते लगेच विकले, तर? विक्रीचा भाव खरेदीच्या भावापेक्षा कमीच असतो. तो ७९ लाख २० हजार धरू. मिळाले ४९२ रुपये. त्यातून पुन्हा शुल्क आणि जीएसटी, आणि विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर. खात्यात येतात सुमारे ४८४ रुपये. टीडीएसचे पाच रुपये विवरणपत्र भरल्यावर करात धरले जातात, पण बाकीचे अकरा रुपये गेले ते गेलेच. "म्हणजे रोज घेतलं-विकलं तर काहीच उरत नाही," असे ती मोबाइल खाली ठेवत म्हणाली, आणि हे वाक्य तिचे तिला सुचले याचा आम्हाला मनापासून आनंद झाला.

कराचा भाग इथे अधिक सावकाश समजून घ्यावा लागतो, कारण बहुतेक मित्रमंडळी तो सांगतच नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोवरच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यावर ४ टक्के उपकर. टीडीएस त्याच वर्षी १ जुलैपासून सुरू झाला. खरेदीची किंमत सोडून कोणताही खर्च वजा करता येत नाही. सगळ्यात जाचक अट तोट्याची आहे. समजा तिने एक नाणे तीन हजारांना घेऊन चार हजारांना विकले आणि दुसरे तीन हजारांना घेऊन दोन हजारांना विकले. तिच्या हिशेबाने एक हजार आले, एक हजार गेले. कायद्याच्या हिशेबाने मात्र आलेल्या एक हजारावर ३१२ रुपये कर द्यावा लागतो, कारण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षासाठीही ठेवता येत नाही. एक नाणे देऊन दुसरे घेतले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच असते. योगायोग असा की आयकर अधिकारी जिथे घडतात, ती राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी याच शहरात, छिंदवाडा मार्गावर आहे.

कर आहे म्हणून सरकारची हमी आहे, असा गैरसमज आम्हाला सीताबर्डीतही ऐकू आला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. व्यवहार करायला आज मनाई नाही. परंतु क्रिप्टो हे वैध चलन नाही, आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत मिळणारे विम्याचे कवच एक्स्चेंजवरच्या नाण्यांना नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला असून त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा ॲप उतरवण्याआधी ती नोंदणी आहे का, एवढे तरी पाहावे. नोंदणी असली तरी चोरी होणार नाही असे नव्हे : जुलै २०२४ मध्ये भारतातल्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपासची नाणी चोरीला गेली आणि लाखो लोकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले. रक्कम वाढली तर नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे आपल्याच ताब्यातल्या डिजिटल पाकिटात, हलवता येतात का आणि त्याला किती शुल्क पडते, हे खाते उघडतानाच विचारून घ्यावे. पाचशे रुपयांसाठी काही हजारांचे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे त्यासाठीचे वेगळे छोटे यंत्र, घेण्यात मात्र अर्थ नाही.

राहिला तो ग्रुपचा विषय. टेलिग्रामवर "महिन्याला दहा टक्के पक्के" सांगणारा, दोन माणसे जोडली की कमिशन देणारा, किंवा "मी तुमच्या वतीने घेतो" म्हणून पैसे स्वतःच्या खात्यावर मागणारा माणूस क्रिप्टो विकत नसतो. इथरचे नाव पुढे करून लोकांकडून पैसे गोळा केल्याची प्रकरणे नागपुरातही पोलिसांपर्यंत गेली आहेत. वॉलेट उघडून देणारे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कोणालाही सांगायचे नाहीत. मदत केंद्रातून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते.

[दृश्य : सीताबर्डी, दुकान बंद होण्याची वेळ. मागे मेट्रो जाते. काउंटरवर भिशीची वही उघडी.]

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा तिने भिशीच्या वहीचे शेवटचे पान उलटे धरून त्यावर पाच रकाने आखले होते : तारीख, नाणे, रुपये, शुल्क, सातोशी. एक रुपयाच्या आतले नाणे तिने घेतले नव्हते. पहिल्या ओळीत पाचशे रुपये लिहिलेले होते, शुल्काच्या रकान्यात पैशांसकट आकडा होता, आणि सातोशीच्या रकान्यातला आकडा तिने मोबाइलशी दोनदा ताडून पाहिलेला असावा, कारण त्याखाली पेन्सिलीची बारीक खूण होती. दुसरी ओळ रिकामी होती. "पगार सात तारखेला होते," ती म्हणाली, आणि वही गल्ल्याखालच्या खणात ठेवून शटर ओढायला उठली.