मास्टायटिस: एक शब्द, दोन दुखणी

नमस्कार श्रोतेहो.

अठरा दिवसांची बाळंतीण. कान बांधलेले, अंगात १०२ ताप, थंडी वाजून दातावर दात आपटतायत. डाव्या थानावर पाचरीसारखा लाल चट्टा, बोट लावू देत नाही. शेजारी तिची आई, मांडीवर रडून दमलेलं बाळ. कुणीतरी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर एकच शब्द: मास्टायटिस. घरातल्या मुलानं तो फोनवर शोधला, तर सगळी माहिती गायीची निघाली. आई मला म्हणाली, "डॉक्टरबाई, आमच्या गायीला दगडी झाली तेव्हा आठ दिवस दूध ओतून दिलं. म्हणून कालपासून बाळाला वरचं दूध घालतोय."

त्या माउलीनं आपल्या अनुभवातून, काळजीपोटीच हा निर्णय घेतला होता. पण लेकीचं दुखणं त्यामुळेच एका रात्रीत वाढलं होतं. म्हणून आज या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे.

ग्रीक भाषेत 'मास्टोस' म्हणजे स्तन. पुढचं 'आयटिस' तुमच्या ओळखीचं आहे. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, हेपाटायटिस, सगळीकडे तेच शेपूट. त्याचा अर्थ दाह. लाली, सूज, ऊब आणि ठणका ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस यानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली, ती आजही तशीच शिकवतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांचं वर्णन आहे, आणि पू धरलेल्या गाठीला आयुर्वेदात वेगळं नाव आहे, स्तनविद्रधि.

इंग्रजीत बाईचं आणि गायीचं दुखणं एकाच नावानं ओळखतात. मराठीत मात्र दोन वेगळी नावं सापडतात: बाईचा तो स्तनदाह, गायी-म्हशीचा कासदाह. गोठ्यात त्यालाच दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते आणि सडातून दुधाऐवजी गाठी नाहीतर पाणी येतं. ही दोन नावं आपण जपून वापरली पाहिजेत. चिठ्ठीवर 'स्तनदाह' लिहिलं असतं तर ते बाळ कदाचित आईच्या दुधासाठी रडलं नसतं.

आता दाह म्हणजे जंतूच, असं नाही. पान्हा दाटतो, दूधवाहिन्यांभोवती सूज येते, दूध पुढे सरकत नाही, आणि तेवढ्यानंही थान लाल होतं, ताप येतो. त्यात पुढे जंतूंची भर पडू शकते, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची. म्हणजे पान्हा दाटणं, दाह, जंतुसंसर्ग आणि शेवटी पू, या एकाच वाटेवरच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर असलेल्या बाईला अँटिबायोटिकची गरज पडेलच असं नाही. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

मग दुधाचं काय? आईचं दूध बाळाला चालतं. दुखऱ्या बाजूचंही चालतं. ते नासत नाही, विषारी होत नाही. चव थोडी खारट लागते, म्हणून एखादं बाळ तोंड फिरवतं, एवढंच. एचआयव्ही असलेल्या आईला मात्र सल्ला वेगळा असतो, तिनं आधी विचारावं. बाकीच्यांनी पाजणं अचानक तोडू नये. दूध साठत गेलं की पू होण्याचा धोका वाढतो.

एक गोष्ट मी स्वतः वर्षानुवर्षं सांगत आले आणि आता सांगत नाही. गरम शेक द्या, गाठ जोरात चोळून मोकळी करा, आणि थान पार रिकामं करा. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेनं २०२२ साली सल्ला बदलला, आणि कारण पटण्यासारखं आहे. चोळल्यानं आधीच सुजलेल्या पेशींना इजा होते. मागणीपेक्षा जास्त दूध काढलं की शरीर आणखी दूध तयार करतं. म्हणून बाळाला भूक लागेल तसं पाजा. पाजून झालं की थंड पाण्याची घडी ठेवा. हात लावायचाच तर काखेकडे, अगदी हलका, मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि बाळंतिणीला झोपू द्या.

चोवीस तासांत ताप उतरला नाही, गाठ मऊ पडून ठसठसू लागली, किंवा बाई गळून गेली, तर थांबू नका. पू झाला असेल तर सोनोग्राफीत बघून सुईनंही काढता येतो. आणि औषधाचा कोर्स पूर्ण करूनही लाली हटत नसेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर पुढची तपासणी हवीच. एका दुर्मीळ कर्करोगाची सुरुवात अशीच दिसते. बाळंतीण नसलेल्या बाईनं तर अशी लाली अंगावर काढूच नये.

आणखी एक, मालीश करणाऱ्या मावशींसाठी. जन्मलेल्या बाळाची छाती काही दिवस फुगते, कधी थेंबभर दूधही येतं. मुलग्यांनाही. आईच्या पोटात असताना मिळालेल्या संप्रेरकांमुळे हे होतं आणि आपोआप ओसरतं. ते पिळून काढायचं नसतं. पिळल्यामुळे कोवळ्या जिवाला स्तनदाह झालेला मी पाहिला आहे.

त्या दिवशी माझं सगळं ऐकून बाळंतिणीच्या आईनं विचारलं, "मग गायीचं दूध का ओततात?" प्रश्न अगदी रास्त होता. गायीचं औषध बहुतेकदा ट्यूबनं थेट सडातच सोडतात, त्यामुळे ते दुधात भरपूर उतरतं. बाईला गोळी पोटातून देतात, स्तनदा मातेला चालेल अशी निवडून, आणि दुधात तिचा अंश फार थोडा येतो. ती क्षणभर गप्प राहिली. मग तिनं लेकीचा पदर सारखा केला, बाळाला उचलून तिच्या डाव्या बाजूला दिलं, आणि ते ओढायला लागलं तेव्हा लेकीचा आवळलेला हात स्वतःच्या हातात धरून बसली.

नमस्कार.