किनाऱ्याला न शिवणारं वादळ

मंडळी, आज ज्या वादळाबद्दल बोलायचं आहे, ते बातम्यांत फार तर एखादा दिवस टिकतं. अटलांटिक महासागरात वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरवर गेला की वादळाला नाव मिळतं आणि ११९ गाठला की ते हरिकेन होतं. या दोन आकड्यांमध्ये, तेही खालच्या टोकाला घुटमळणारी आणि समुद्रातच विरून जाणारी वादळं, हा आपला विषय. ही वर्गवारी निव्वळ वाऱ्याची आहे. पाऊस किती पडेल, लाटा कुठवर पोचतील, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. सगळा घोळ तिथूनच होतो.

जन्माची गोष्ट थोडक्यात सांगतो. समुद्राचं पाणी वरच्या पन्नासेक मीटरपर्यंत साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून गरम हवं, हवा दमट हवी आणि विषुववृत्तापासून निदान पाचेक अंशांचं अंतर हवं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जे वळण मिळतं, ते विषुववृत्ताजवळ फारच क्षीण असतं. (२००१ साली व्हामेई नावाचं वादळ सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर तयार झालं, पण ते अपवादातच जमा.) बाष्पाचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, हवा वर चढते, खालचा दाब उतरतो, भोवतालची दमट हवा आत ओढली जाते आणि चक्र सुरू होतं.

पुष्कळ वादळांचं घोडं अडतं ते विंड शिअरपाशी. समुद्रालगतचा वारा एका दिशेनं आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा भलत्याच दिशेनं वाहू लागला, तर वादळाचं उभं धुराडं तिरपं होतं आणि केंद्रावर साठायची ती ऊब बाजूला वाहून जाते. उपग्रहाच्या चित्रात हे बघण्यासारखं असतं. रात्रभर इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे ढगांची उष्णता टिपणाऱ्या चित्रात, एक मोठा पांढरा गोळा दिसतो, केंद्र त्याच्या पोटात असेल असं आपण धरून चालतो. उजाडल्यावर नेहमीचं दृश्य चित्र येतं आणि कळतं, की केंद्र कुठल्या कुठे, गोळ्याच्या बाहेर उघडंबोडकं फिरतंय: विरळ, बुटक्या ढगांची एक गिरकी, बस्स. पावसाचे ढग सगळे एका अंगाला.

अशा वादळाच्या केंद्रातला दाब १००० हेक्टोपास्कलच्या (हे हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास असतो, म्हणजे नेहमीपेक्षा तेराएक कमी. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो. तेव्हा नुसत्या दाबानं पाणी चढणार ते वीतभरही नाही. मग काळजी कसली?

लाटांची. वादळाखालून निघालेल्या लाटा वादळाला मागे टाकून पुढे निघतात. दोन माथ्यांमध्ये बारा सेकंदांचं अंतर असलेल्या लाटांचा जथा खोल पाण्यात ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे दिवसाला ८०० किलोमीटर. इकडे किनाऱ्यावर ऊन पडलेलं, वारा पडलेला, लाटाही फार उंच नाहीत. पण एकेका लाटेत पाणी भरपूर. ते वाळूवर चढतं आणि जिथं वाट सापडेल तिथून, अरुंद पट्ट्यातून, जोरानं परत फिरतं. हाच रिप करंट. विशेष म्हणजे तो पट्टा आजूबाजूपेक्षा शांत दिसतो, लाटा तिथं फुटत नाहीत, म्हणून पोहणारे नेमके तिथंच उतरतात. सापडलात तर किनाऱ्याकडे झटापट करू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या.

दुसरी बाब पावसाची, आणि इथं २०१५ च्या एरिका वादळाची आठवण काढायलाच हवी. वारा जास्तीत जास्त ताशी ८५ किलोमीटर, शिअरनं पार मोडून काढलेलं वादळ. त्याचं केंद्र कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटाच्या उत्तरेकडून निघून गेलं, बेटावर आलंच नाही. पण पावसाचे ढग केंद्रापासून बाजूला रेटले गेले होते ना! ते डॉमिनिकाच्या डोंगरांवर येऊन थबकले. २७ ऑगस्टला काही तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, दरडी कोसळल्या, पेटीट सावान गाव रिकामं करावं लागलं आणि बेटावर सुमारे ३० माणसं गेली. नकाशावर केंद्राची रेघ पाहून ‘आपल्यावरून जात नाही’ म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

शेवट बहुधा तीन कारणांनी होतो: कोरडी हवा आत शिरते, शिअर वाढतं, किंवा वादळ एकाच जागी रेंगाळून खालचं गार पाणी ढवळून वर आणतं आणि स्वतःचंच इंधन तोडतं. त्या गार पाण्याबरोबर पोषकद्रव्यंही वर येतात आणि काही दिवसांनी वादळाच्या वाटेवर वनस्पतीप्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा) हिरवा पट्टा उमटलेला कधीकधी उपग्रहाला दिसतो. उरलेला कमी दाब मात्र गरम पाण्यावर पोचला तर पुन्हा उठूही शकतो. एरिका उठलं नाही. डॉमिनिकानंतर दुसऱ्याच दिवशी हिस्पॅनिओला बेटाजवळ विरलं. पुढे ते नाव वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचं काढलं. हरिकेन न होताही अटलांटिकमध्ये नाव निवृत्त झालं, असं त्याआधी फक्त २००१ च्या ॲलिसनच्या बाबतीत घडलं होतं.