धुराडं आधी, शेगडी नंतर

मंडळी, इथे यॉर्कशरमध्ये आपल्यातल्या बऱ्याच जणांनी जुनी दगडी घरं घेतली आहेत आणि घराबरोबर बैठकीच्या खोलीतली लाकडाची शेगडीही आपसूक पदरात पडली आहे. इथले लोक तिला लॉग बर्नर म्हणतात, मी शेगडीच म्हणतो. हीटिंग बंद पडलं तर माणूस बोलावता येतो. शेगडीचं बरंचसं मात्र घरच्या माणसालाच कळावं लागतं.

आपण सगळे त्या लोखंडी पेटीकडे बघतो. खरं काम करतं ते धुराडं. आतली हवा तापते, हलकी होऊन वर निघते आणि तिच्या मागोमाग खोलीतली हवा शेगडीत ओढली जाते. या ओढीवर सगळा खेळ आहे. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांना हे ठाऊक आहे. बंबाची खालची जाळी राखेनं तुंबली, की कितीही फुंका, नाकाडोळ्यांत धूरच. तेव्हा शेगडी नीट चालेना, की पहिला प्रश्न हा विचारायचा : हवा कुठे अडली?

धूर खोलीत येतोय? बाहेर गारठा आहे आणि शेगडी चार दिवस पेटलेली नाही, तर धुराड्यात थंड हवेचा बोळा बसलेला असतो. वर्तमानपत्राचा एक कागद पेटवून आत वरच्या बाजूला धरा; ओढ सुरू झाली की मग काटक्या लावा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो आधी बंद करा, तो धूर धुराड्यातून उलटा खोलीत खेचतो. आणि शेगडीच्या आत वर जो आडवा पत्रा असतो, त्याच्यावर काजळी साचते. तो काढून झाडता येतो, हे कित्येकांना माहीतच नसतं.

आता लाकूड. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही आपली म्हण. शेगडीत उलटं होतं, ओल्यापायी सुकंही धड जळत नाही. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. सगळी आच ते पाणी आटवण्यात जाते, धूर थंड राहतो आणि धुराड्याच्या आतून डांबरासारखा थर धरतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर पेटला तर धुराड्यातून आगगाडी गेल्यासारखा आवाज येतो. असं झालं तर हवेच्या सगळ्या खिट्या बंद करायच्या, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि ९९९ या इथल्या आपत्कालीन नंबरला फोन करायचा.

१ मे २०२१पासून इंग्लंडमध्ये २ घनमीटरपेक्षा कमी विकलं जाणारं सरपण २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचं असावं लागतं. पिशवीवर ‘रेडी टू बर्न’चा शिक्का बघून घ्या. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. पण ते ओंडक्याच्या टोकाला टोचू नका, टोक आधी वाळतं. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचा.

माझी एक कळकळीची विनंती आहे. रात्रभर ऊब राहावी म्हणून शेगडी भरून, हवा कोंडून, तिला धुमसत ठेवू नका. काचेवर काळा थर येतो तो त्यामुळेच, आणि काचेवर जे दिसतं तेच धुराड्यात वरपर्यंत बसलेलं असतं. थोडी लाकडं घाला, पण ती ज्वाळेनं जळू द्या.

काच साफ करायला बाजारातलं काही आणू नका. शेगडी पूर्ण गार झाल्यावर वर्तमानपत्राचा बोळा ओला करून शेगडीतल्याच मऊ राखेत बुडवायचा आणि गोल गोल फिरवायचा. माझी आजी पितळेची भांडी याच राखेनं लखलखीत करायची. खडा तेवढा येऊ देऊ नका, ओरखडा पडतो.

शेगडीच्या दाराच्या कडेला एक जाड दोरी बसवलेली असते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर दोरी दबली आहे. तिथून हवा आत शिरते आणि शेगडी तुमच्या हातात राहत नाही, लाकडं भसाभसा जळतात. नवी दोरी घेताना जाडी मोजून घ्या. खाचेतला जुना गोंद खरवडून काढा. चिकटवताना दोरी अजिबात ताणू नका, ताणली की ती बारीक होते आणि फट तशीच राहते. मी पहिल्यांदा ताणलीच होती. शेगडीच्या आतल्या विटेला नुसती चीर गेली असेल तर घाबरू नका. तुकडे पडायला लागले की बदला.

शेगडीत लाकूड आणि धूर नसलेला कोळसा, दोन्ही चालत असेल, तर ते एकत्र जाळू नका. कोळशातलं गंधक आणि लाकडातली ओल मिळून आम्ल बनतं आणि धुराड्यातला स्टीलचा नळ खातं. लाकडाची राख बागेत घाला, कोळशाची नको. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घराबाहेर ठेवा. निखारा राखेखाली दोन-दोन दिवस जिवंत असतो.

आता आमच्या घरचं सांगतो. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मोसमातली पहिली शेगडी पेटवली. खोलीत डोळ्यांना जाणवेल असा धूर नव्हता. मुलगी डोकं दुखतंय म्हणून सोफ्यावर आडवी झाली होती, मला वाटलं शाळेचा शीण असेल. साडेनऊला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ओरडायला लागला. खिडक्या उघडल्या, तिला उचलून बाहेर आणलं. रुग्णालयात तिचं रक्त तपासलं, ती बरी झाली. पण तो अलार्म नसता तर मी तिला पांघरूण घालून झोपू दिलं असतं. या वायूला वास नाही, रंग नाही. अलार्म शेगडीपासून १ ते ३ मीटरवर, छताला किंवा भिंतीवर उंच लावा आणि दर महिन्याला बटण दाबून बघा.

त्या आठवड्यात धुराडं साफ करणाऱ्या बाई आल्या. ब्रश चार हात वर गेला आणि अडला. मग काटक्या पडायला लागल्या, पाठोपाठ मेंढीची लोकर, शेण, वाळलेलं गवत. चार बादल्या भरल्या. जॅकडॉचं घरटं. हा कावळ्याच्याच कुळातला, मानेला करडी छटा असलेला पक्षी. वसंतात तो धुराड्यात काटक्या टाकत राहतो, त्या कुठेतरी अडकेपर्यंत. तेव्हापासून आमच्याकडे साफसफाई सप्टेंबरात होते, शेगडी पेटवण्याआधी, आणि पुन्हा हिवाळ्याच्या शेवटी. बाई दाखला देऊन जातात तो जपून ठेवा, घराच्या विम्याला लागतो.

आणि धुराड्यावर जाळीची टोपी बसवून घ्या. एकदा पक्ष्यानं घरटं बांधायला घेतलं, की १९८१च्या इथल्या वन्यजीव कायद्यानं ते काढता येत नाही, पिल्लं उडेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून हे काम फेब्रुवारीच्या आत.