उतार

समर्थ मंदिर मागे पडले की साताऱ्याचा रस्ता यवतेश्वराच्या घाटाला लागतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये हाच घाट चढून पुन्हा त्याच वाटेने उतरायचे असते. २१ किलोमीटरच्या त्या शर्यतीत बहुतेकांना धास्ती असते ती चढाची. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला मात्र उताराची धास्ती वाटू लागली.

दुखणे जांघेत सुरू झाले होते. नेमके कुठे दुखते, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मला एका जागी बोट ठेवता येईना. अंगठा मागे आणि बोटे जांघेकडे असा पंजाच मी खुब्यावर ठेवला. अस्थिरोगतज्ज्ञांना ही खूण ओळखीची असते. मांडीच्या हाडाचा गोल भाग जिथे त्याच्या मानेला जुळतो, तिथे एक उंचवटा होता. मांडी पोटाकडे वाकली की तो उखळीच्या काठाला घासायचा, आणि त्या काठाभोवतीची लॅब्रम नावाची मऊ कड त्यामुळे फाटली होती. हे घासणे सांधा झिजण्याचे कारण ठरते, अशी मांडणी स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली केली. माझ्या खुब्यात दुर्बीण घालून तो उंचवटा तासण्यात आला आणि फाटलेली कड पुन्हा हाडाला बसवण्यात आली.

कुबड्या सुटून काठी आली, तेव्हा मी ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरली. जवळजवळ सगळेच ही चूक करतात. एका पायावर उभे राहिल्यावर शरीराचा भार खुब्यापासून बराच आतल्या बाजूला पडतो. त्याला तोलून धरणारा नितंबाच्या बाजूचा स्नायू मात्र सांध्याला अगदी जवळ असल्याने त्याला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो, आणि त्या जोराचाही दाब सांध्यावरच येतो. म्हणूनच साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, आणि धावताना तो त्याहून खूपच वाढतो. काठी विरुद्ध हातात धरली की त्या स्नायूचे काम हलके होते.

खरी फसगत दमाने केली. सायकल आणि पोहणे यांमुळे छाती लवकर तयार झाली, पण आरशासमोर एका पायावर उभा राहिलो की कंबर दुसऱ्या बाजूला अजूनही कलत होती. ती सरळ राहीपर्यंत फिजिओथेरपिस्टने मला धावू दिले नाही. त्या आठवड्यांत मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला, आणि प्रत्येक वेळी हरलो, हे इथे नोंदवायला हवे. पुढे एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे असा सपाटीवरचा क्रम सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी जांघ दुखली, तर एक पायरी मागे यायचे.

चढावर वेग आपोआप कमी होतो आणि पाय जमिनीवर हलके पडतो. उतारावर प्रत्येक पावलाला शरीर खाली ओढले जाते आणि त्याला आवरण्याचे काम थकलेल्या स्नायूंवर येते. ते ढिले पडले की कंबर कलते, आणि जुन्या जागी टोचू लागते.

आज मी माथ्यापर्यंत धावत आलो आहे. खाली साताऱ्याची घरे आणि पलीकडे अजिंक्यतारा दिसतो आहे. सोबतचे मित्र गप्पा मारत उताराला लागले; मी पहिल्या वळणापर्यंत त्यांच्याबरोबर धावलो, आणि तिथून पुढे चालत निघालो.