शाळा बदलताय? आधी डिग्री कुठाय ते बघा

नमस्कार श्रोतेहो. मी आखातात गणित शिकवते. सुट्टीला सांगलीत आले की गल्लीतल्या पोरी एकच विचारतात, ताई, तिथली शाळा पटली नाही तर दुसरी धरता येते का? येते. पण इथं एका क्लासमधनं उठून दुसऱ्या क्लासला जातो, तशी नाही. व्हिसावर नाव आपलं, पण तो काढते शाळा. लक्षात ठेवा, व्हिसा शाळा काढते. शाळा सुटली की व्हिसा कॅन्सल.

मी हे मस्कतला शिकले. तेव्हा कफीलनं, म्हणजे आपला व्हिसा काढणाऱ्यानं एनओसी दिली नाही, तर दोन वर्षं ओमानच्या बाहेर. मला दुसऱ्या शाळेनं जास्त पगार देऊ केला, आमच्या शाळेनं एनओसी नाकारली. २०१९ च्या मार्चला मी सांगलीच्या गावभागात परत. आणि करार पूर्ण झाला असेल तर एनओसी नको, हे ओमाननं केलं १ जानेवारी २०२१ पासून. माझं नशीब!

२०१९ च्याच ऑगस्टला सांगलीत पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ वर. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही त्यातनंच गेलाय. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, कागदांची पिशवी छातीशी धरून माडीवर नेली. पाणी ओसरल्यावर मला न सांगता झेरॉक्सवाल्याकडं गेले आणि सगळं लॅमिनेट करून आले. रेशनकार्ड, सातबारा, माझं दहावीचं मार्कलिस्ट. आणि शिवाजी विद्यापीठाची बी.एड.ची डिग्री.

आपल्या लोकांना प्लास्टिकचं भारी वेड. रिमोटला पिशवी, आणि नव्या सोफ्याचं कव्हर पोरगं दहावीला जाईस्तोवर निघत नाही. पाहुण्यानं त्या चरचरणाऱ्या कव्हरवरच बसायचं. असो.

२०२१ च्या सुरुवातीला शारजातल्या एका शाळेचं ऑफर लेटर आलं. ओमानला डिग्रीवर अपोस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का चालतो, अमिरातीला त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. देश बदलला की शिक्का बदलला. एजंटनं डिग्री उजेडात धरली, उलटीसुलटी केली. म्हणाला, ‘मॅडम, प्लास्टिकवर शिक्का कुठं मारायचा?’ लॅमिनेट केलेली डिग्री घेतच नाहीत. घरी येऊन ब्लेडनं कोपरा सोडवायला बसले. प्लास्टिक निघालं, बरोबर कागदाचा पापुद्रा निघाला, आणि पापुद्र्यावर कुलगुरूंची अर्धी सही. अण्णा समोरच बसले होते. त्यांच्या चहावर साय धरली, तरी कप उचलला नाही.

मग कोल्हापूरच्या फेऱ्या, डिग्रीची दुसरी प्रत, त्यावर राज्य सरकारचा, परराष्ट्र खात्याचा, वकिलातीचा, असे एकामागून एक शिक्के. एप्रिलचं सत्र हुकलं, ती नोकरी गेली. पुढच्या वर्षी दुसरीकडं लागले. तेव्हा बायांनो, डिग्रीला लॅमिनेशन नको. परत सांगते, डिग्रीला लॅमिनेशन नको. साध्या फाइलमध्ये ठेवा.

आता नियम भराभर सांगते, वेळ थोडा राहिलाय. अमिरातीत फेब्रुवारी २०२२ पासून नवा कामगार कायदा आहे. प्रोबेशन सहा महिन्यांच्या वर नाही. त्या काळात तिथलीच दुसरी शाळा धरायची तर महिनाभर आधी लेखी नोटीस. नंतर करारात असेल तशी, ३० ते ९० दिवस. वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, तोही बेसिकवर. म्हणून एकूण आकडा बघून हुरळू नका, बेसिक किती ते बघा. पासपोर्ट शाळेच्या कपाटात ठेवायला द्यायचा नाही. इंग्लंडला शाळा बदलायची तर नवी शाळा स्पॉन्सर लायसन्सवाली हवी, व्हिसाचा अर्ज नव्यानं, आणि तो मंजूर होईस्तोवर नव्या शाळेत पाऊल नाही. आणि कुठल्याही देशात राजीनामा शेवटी. आधी नवा करार सहीनिशी हातात, मग राजीनामा.

अण्णांचं सांगायचं राहिलंच. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. या खेपेला त्यांनी कागदांची पिशवी माडीवर नेलीच नाही. पाणी उतरल्यावर चिखलातनं रेशनकार्ड उचललं, टॉवेलच्या टोकानं पुसलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

‘बघ,’ म्हणाले, ‘थेंब तरी आत गेलाय का?’