सुट्टीतली दोन पुस्तकं

(दृश्य : परळमधल्या एका मराठी शाळेचा व्हरांडा. एप्रिलअखेरची सकाळ.)

वार्षिक परीक्षा आटोपलीय. पेपरही तपासून झालेत. तरी आज आठवी-नववीची मुलं शाळेत आलीयत, कारण आज पुस्तकं वाटायची आहेत. व्हरांड्यात बाकं जोडून त्यावर चळती मांडल्यात. एक बाई खाकी कव्हरांवर नंबर टाकतायत, दुसऱ्या रजिस्टरात सह्या घेतायत. प्रत्येकाला दोन पुस्तकं. एक शाळेच्या यादीतलं, दुसरं ज्याचं त्याने उचलायचं. जूनमध्ये शाळा उघडली की दोन्हींवर तोंडी परीक्षा. तिला गुण आहेत, त्यामुळे सुटका नाही.

"बाई, जाडीला कमी असलेलं द्या ना," रांगेतून आवाज येतो.

"जाडी बघून घेऊ नकोस. पहिली दोन पानं इथेच उभ्याने वाच, मग ठरव."

मुलगा खरंच भिंतीला टेकून वाचायला लागतो. रांग खोळंबते. बाई कुणालाच घाई करत नाहीत.

(दृश्य : रिकामा वर्ग, फळ्यावर पुसट झालेली परीक्षेची सूचना.)

सुट्टी ती सुट्टी, त्यात पुन्हा सक्ती कशाला, असं कुणालाही वाटेल. वाचनाची गोडी हुकूम सोडून लागत नाही, हेही खरं. पण या मुलांचं वर्षभराचं वाचन नेमकं काय असतं, तेही एकदा बघायला हवं. 'कुमारभारती'तले धडे, म्हणजे बहुतेक वेळा कुठल्या तरी मोठ्या पुस्तकातून काढलेला तुकडा. त्याखाली चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध भरा, कोण कोणास म्हणाले. 80 गुणांच्या पेपरात पुन्हा उतारेच. दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाने पंचवीस-तीस लेखकांची दोन-दोन पानं वाचलेली असतात. अख्खं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वाचलेलं असेलच असं नाही.

दोन पानांच्या उताऱ्यात कंटाळा यायलाही सवड नसते. कादंबरीत तो येतो, साधारण चाळिसाव्या पानाच्या आसपास. तिथून पुढे रेटायची सवय लागावी, असा तास शाळेच्या वेळापत्रकात नाही. मे महिन्यात तेवढी जागा सापडते.

(दृश्य : जुन्या ग्रंथालयातली कपाटं, सरकत जाणारा कॅमेरा.)

सुट्टीतल्या सक्तीच्या वाचनाची प्रथा अमेरिकेतल्या हायस्कुलांत चांगली रुळलेली आहे. तिथली उन्हाळी सुट्टी दहा-बारा आठवड्यांची. जाताना यादी मिळते, शाळा उघडल्यावर त्यावर निबंध किंवा चाचणी. यामागे एक जुनी काळजी आहे. मोठ्या सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात. हॅरिस कूपर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र पाहणी केली, तेव्हा सुट्टीत सरासरी महिनाभराचं शिक्षण मागे पडतं असं दिसलं. वाचनाच्या बाबतीत मात्र सगळी मुलं सारखी घसरत नव्हती. गरीब घरातली मुलं मागे जात होती, बऱ्या परिस्थितीतली तिथेच राहत होती किंवा थोडी पुढे सरकत होती.

कारण शोधायला फार लांब जायला नको. एका घरात पुस्तकं असतात, दुसऱ्या घरात नसतात.

फ्लोरिडात रिचर्ड अॅलिंग्टन, अॅन मॅकगिल-फ्रॅन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं. 17 शाळांमधल्या गरीब घरांतल्या 852 मुलांना सलग तीन उन्हाळे दर वेळी 12 पुस्तकं दिली. पुस्तकं मुलांनी स्वतः निवडलेली, आणि कायमची त्यांचीच. 2010 साली निष्कर्ष छापून आले : ही मुलं वाचनात पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे गेली होती. ती प्राथमिकची मुलं होती, हायस्कूलची नव्हती, हे लक्षात ठेवूया. पण यादी हातात देणं आणि पुस्तक हातात देणं या दोहोंत किती अंतर आहे, ते इथे दिसतं.

परळच्या या शाळेने नेमकं तेच ओळखलंय. यादी देऊन 'पालकांनी पुस्तकं विकत घ्यावीत' असं सांगितलं असतं, तर अर्ध्या वर्गाने घेतलीच नसती. दोनशे-अडीचशेचं पुस्तक जूनमध्ये वह्या, गणवेश आणि छत्रीशी भांडतं, आणि दर वेळी हरतं. म्हणून पुस्तक शाळेचं. अनामत नाही. हरवलं तर घरातलं दुसरं कुठलंही पुस्तक आणून द्यायचं.

(दृश्य : दादर स्टेशन. सामान, पिशव्या, झोपाळलेली मुलं.)

मुंबईतल्या मराठी मुलाचा मे महिना दोन ठिकाणी जातो : क्लासला आणि गावाला. नववीचा पेपर संपतो न संपतो तोच दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होते. त्यातून पंधरा दिवस काढून सावंतवाडी, चिपळूण, राजापूर. दादरहून सुटणाऱ्या गाडीचं नाव तुतारी एक्स्प्रेस, मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलेलं. गाडीत बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ, तिथे कविता कुठली आठवायला!

गावाला रेंज नाही, दुपारी वीज जाते, पंखा बंद. शहरातल्या मुलाला ही शिक्षा वाटते. बाईंच्या मते मात्र बहुतेक मुलांची पुस्तकं तिथेच वाचून होतात. परत आलेल्या प्रतींवरून ते कळतंच. एकीच्या कव्हरवर फणसाच्या चिकाचा काळपट डाग बसलाय, पानं एकमेकांना चिकटलीत. दुसरीत आमरसाचं बोट उमटलंय, तेही अगदी मध्यावर, पान 71. रजिस्टरात 'शेरा' या रकान्यात बाईंनी लिहिलंय : 'डाग. वाचलेले आहे.'

गावाला न जाणाऱ्यांची अडचण निराळी. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं आणि चालू टीव्ही. ही मुलं गॅलरीत बसतात, गच्चीवर जातात, मंडळाच्या अभ्यासिकेत जागा धरतात. बाई काही जणांना घेऊन दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आल्यात. 1898 साली सुरू झालेली ही संस्था, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारच्या शारदा टॉकीजचं नाव प्रत्येकाला माहीत होतं. लागूनच इतकी पुस्तकं आहेत, हे बहुतेकांना नव्याने कळलं.

(दृश्य : जूनचा मध्य, बाहेर पाऊस. बाईंसमोर एकेक विद्यार्थी.)

आधी पुस्तक परीक्षण लिहून आणायला सांगत. चाळीस वह्यांत एकच परीक्षण, चुकाही त्याच. आता सारांश मोबाइलवर फुकट मिळतो, तो लिहिण्यात अर्थच उरलेला नाही. म्हणून प्रश्न बदललेत. पुस्तक कुठे मिटून ठेवलंस? पुन्हा का उघडलंस? कुणाचा राग आला?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' यादीत आहे. 1955 ची छोटी कादंबरी, माणदेशातल्या धनगरवाडीवर शिकवायला आलेल्या तरुण मास्तराची. सारांशात 'ग्रामीण जीवनाचे प्रभावी चित्रण' वगैरे असतं. नववीतून दहावीत गेलेला एक मुलगा वेगळंच बोलतो.

"बाई, दुष्काळात सगळे मेंढरं घेऊन निघून जातात ना. मग शाळेत पोरंच राहत नाहीत. मास्तर काय करणार?"

"मग तुला काय वाटलं?"

"आपल्या शाळेचा पण पट कमी झालाय ना, बाई. आमची एकच तुकडी उरली."

बाई दोन क्षण काही बोलत नाहीत. मग गुण लिहितात. किती, ते आम्ही विचारलं नाही.

सगळ्यांचं असं जमत नाही. काही जण सरळ सांगतात, अर्धंच वाचलं. त्यांना श्रावणापर्यंत मुदत मिळते. एका मुलीने यादीतलं पुस्तक वीस पानांत सोडलं आणि आवडीचं म्हणून घेतलेलं रहस्यकथांचं पुस्तक तीनदा वाचलं. तिला पूर्ण गुण मिळाले. शिक्षक-खोलीत त्यावर बरीच चर्चा झाली.

पालकांची तक्रार ठरलेली : दहावीचं वर्ष आहे, निदान या मुलांना तरी यातून वगळा. शाळेने त्यांच्यासाठी दोनाचं एक पुस्तक केलं, पण शून्य केलं नाही. आमच्या मते ते बरोबर केलं.

(दृश्य : शिक्षक-खोली. टेबलावर पुढच्या वर्षीची यादी, पेन्सिलीच्या खुणा.)

पुढच्या यादीतून एक आठशे पानी ऐतिहासिक कादंबरी निघतेय. चार प्रती गेल्या, चारही कोऱ्या करकरीत परत आल्या, एकीवरही डाग नाही. इतिहासाचे सर नाराज आहेत. त्यांच्या शाळकरी वयात त्यांनी ती आठ दिवसांत संपवली होती म्हणे. शेवटी तडजोड झाली : त्या चार प्रती मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडणाऱ्यांना द्यायच्या. निकालापर्यंत त्यांना वेळच वेळ असतो.